थापणारीचा हात

भाकरी थापण्याचा आवाज प्रत्येकीचा वेगळा असतो. मी दारात पिठाची पोती उतरवून घेत असले तरी आत कोण थापतंय ते मला न बघता कळतं. सुशीला थापायची तेव्हा तिचा आवाज चपटा. रंजनाचा घाईचा, जणू बस सुटायला आली आहे. आणि मालनचा आवाज म्हणजे थाप, थाप, मग परातीत भाकरी सर्रकन फिरते तो घासटा, पुन्हा थाप. तो इतका एकसारखा की नव्या बाया तिच्या आवाजावर आपला हात लावून घेतात.

हा आवाज बिघडला की मी हातातलं काम सोडून आत जाते. आवाज बिघडायच्या बऱ्याच आधी त्या बाईचं मनगट बिघडलेलं असतं आणि तिनं ते मला सांगितलेलं नसतं.

कराडात माझं भाकरी केंद्र आहे. खानावळी, ढाबे, मुलांची वसतिगृहं, जत्रेच्या पंगती आणि घरी थापायला वेळ नसलेली नोकरदार माणसं, ही आमची गिऱ्हाइकं. केंद्र कसं काढलं, कोण हसलं, कोणी मदत केली, हा भाग मी गाळते. तो सगळ्यांचा साधारण सारखाच असतो. मला लिहायचं आहे ते हातांबद्दल, कारण या धंद्यात पिठापेक्षा हात आधी संपतात.

ज्यांनी कधी भाकरी थापली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे कामाचे चार भाग आहेत. एक मळते, एक थापते, एक भाजते आणि एक मोजून बांधते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. ते गरम पाण्यात तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून एकजीव करावं लागतं. तो सगळा जोर अंगठ्याच्या बुडाशी जातो. थापताना मनगट मागं मोडतं आणि खांद्यापासून हात सतत हालत राहतो. घरी चार-सहा भाकऱ्या थापणाऱ्या बाईला याचं काही वाटत नाही. आमच्याकडे एक थापायला लागली की टोपलं भरून दुसरं अर्धं होईपर्यंत थांबत नाही. त्यातून आमच्या बाया पूर्वी जमिनीवर एक गुडघा मोडून, एक उभा धरून बसायच्या. संध्याकाळी उठताना भिंतीला धरून उठायच्या, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नव्हतं.

पहिली गेली ती सुशीला. गेली म्हणजे तिचा अंगठा गेला. घराच्या कुलपात किल्ली घालायची, पण ती फिरेना. मग शेजारच्या पोराला हाक मारायची. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय, रगडणं बंद करा. मी तिला मळण्या-थापण्यावरून काढून बांधणीवर बसवलं. माझ्या मते मी शहाणपणा केला. बायांच्या मते मी सुशीलाला पेन्शनीत काढलं. बांधणीचं टेबल म्हणजे थकलेल्यांची जागा, असा त्यांचा पक्का समज. थापणारीचा मान वेगळा. थापणारीला चहा आधी मिळतो. थापणारी रुसली तर समजूत काढायला मी जाते. सुशीला बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

त्याच सुमारास आमच्याकडे एक निवृत्त सुभेदार रोज डबा घेऊन यायचे. भाकरी उजेडात धरून तिच्यावर बोटांचे ठसे आहेत का ते बघायचे. एकदा मी मशीनच्या भाकऱ्या करून पाहिल्या, तर डबा परत आणून टेबलावर ठेवला. "ही भाकरी नाही, बाई. ही टोपी आहे." त्यांचे गुडघे कामातून गेलेले. आमच्या दोन पायऱ्या ते तिरके होऊन चढायचे. एक दिवस दारात उभे राहून त्यांनी आतलं काम बराच वेळ पाहिलं आणि मला झापलं.

"तुमच्याकडं सकाळी जी थापायला बसते तीच दुपारी थापत असते. फौजेत संत्री दोन तासांनी बदलतो. बंदूक जड असते म्हणून नाही, माणूस ढिला पडतो म्हणून. बदली लावा."

मला ते पटलं. मी बदली लावली. थापणारीनं काही वेळानं भाजायला जायचं, भाजणारीनं बांधायला. मी समोर असेपर्यंत बदली चालायची. मी बँकेत गेले की सगळ्या आपापल्या जागी परत. विचारलं तर रंजना म्हणायची, "आवं वैनी, मालनच्या हातची भाकरी ती मालनच्या हातची. बांधाय बसवून तिला का म्हातारी करताय?"

मालन मूळची म्हसवडच्या बाजूची. नवरा फौजेत हवालदार, तिकडं वर बर्फात. ती इथं सासू आणि दोन मुलांसोबत राहते. घर नवऱ्याच्या पगारावर चालतं. काम तिचं स्वतःचं आहे, आणि त्यात तिला कुणी काही सांगितलेलं आवडत नाही.

आता नागपंचमीचं सांगते. त्या दिवशी आमच्या भागात चुलीवर तवा चढत नाही. चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही. घरोघरी पुरणाची दिंडं उकडतात. म्हणजे भाकरी केंद्राला वर्षातली एकच हक्काची सुट्टी. आदला दिवस मात्र जीव काढतो. ज्यांच्या घरी दिंडं करायला कुणी नाही ते आदल्या दिवशीच भाकऱ्या नेऊन ठेवतात. शिराळ्याच्या जत्रेला निघालेल्या गाड्या वाटेत थांबून शिदोरी बांधून नेतात. आणि त्याच सकाळी माझ्याकडून सगळ्यांना बांगड्या भरायच्या, असा रिवाज मीच पाडलेला. शेगड्या पेटायच्या आत कासारीण मावशी पेटी घेऊन येते.

त्या वर्षी मालन सगळ्यांत शेवटी बसली. मावशीनं हात हातात घेतला, दाबला, आणि पेटीतल्या मोठ्या मापाकडे हात नेला.

"दोन-चार," मालन म्हणाली.

"हात भरलाय गं तुझा. दोन-सहा घे."

"दोन-चारच. दर वर्षी त्याच घालती मी."

"हवालदारानं तूप पाठवलं आसंल," रंजना म्हणाली. सगळ्या हसल्या.

मावशीनं साबण लावला, अंगठा आत मुडपला आणि बांगड्या चढवायला लागली. बांगड्या भरताना डोळ्यांत पाणी सगळ्यांच्याच येतं. मालनच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. मी तो पाहिला आणि पिठाची गाडी आली म्हणून बाहेर गेले.

आमच्या केंद्राचा एक नियम कडक आहे. मळताना, थापताना बांगड्या मागं सारून कोपराखाली चढवायच्या आणि त्यावर फडकं बांधायचं. पिठात काचेचा कपचा गेला तर ती सगळी परात टाकून द्यावी लागते, आणि एखादा कपचा दिसला नाही तर काय होईल याचा मी विचारही करत नाही. मालननं नियमाप्रमाणं नव्या बांगड्या मागं सारल्या. घट्ट होत्या, तरी जोर लावून सारल्या, फडकं बांधलं आणि ती थापायला बसली.

दुपारी टोपली भराभर बाहेर जात होती. दारात दोन जीप उभ्या होत्या, ड्रायव्हर घड्याळ दाखवत होते. मी तेलाच्या बाटलीचं झाकण दाराच्या फटीत धरून उघडत होते (युक्ती चांगली आहे, करून बघा) आणि मला जाणवलं की मालनचा आवाज येत नाहीये. थाप येत होती, पण सर्रकन फिरल्याचा घासटा नव्हता. ती भाकरी न फिरवता एकाच जागी थापत होती.

मी आत गेले. ती उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं उचलून परातीवर आणत होती.

"फडकं सोड."

"व्हईल वैनी. येवढं टोपलं हुं दे."

"सोड म्हणते ना."

फडकं मीच सोडलं. बांगड्या कोपराखालच्या मांसल भागात रुतून बसल्या होत्या. त्यांच्या खाली मनगट आणि पंजा सुजून एकसारखा झालेला. बोटं फुगलेली आणि नखांखाली निळसर. मी एक बोट दाबलं. "कळतंय?"  दुसरं दाबलं. "मुंग्या येत्यात," ती म्हणाली, तेही पिठाकडं बघत.

रंजनाला शेगड्या कमी करायला सांगितलं. मालनला मागच्या मोरीपाशी नेऊन हात वर धरायला लावला, थंड पाणी सोडलं, साबण झाला, तेल झालं. सकाळी बांगड्या ज्या मनगटावरून मागं गेल्या, ते मनगट आता राहिलंच नव्हतं. कासारीण मावशीला फोन लावला. ती दुसऱ्या गावात बसली होती, यायला संध्याकाळ झाली असती. दवाखाना जवळ होता. पण तिथं तरी काय करणार होते? तेच, जे मला करायचं होतं.

"मालन, बांगड्या वाढवाव्या लागतील."

आमच्याकडे बांगडी फोडली असं कुणी म्हणत नाही. पण शब्द बदलला म्हणून काय होतंय. मालननं हात ओढून घेतला.

"न्हाई."

"बोटं काळी पडायला लागलीत."

"वैनी, उद्या पंचमी हाय. त्यो तकडं बर्फात हाय. सकाळपास्नं फोन लागंना त्याचा. तुमी काय बी करा, पर ह्ये करू नगा."

मी देवाधर्माच्या बाबतीत फार हळवी नाही. पण त्या क्षणी तिला शहाणपण शिकवण्यात अर्थ नव्हता, आणि जबरदस्ती करून सुजलेल्या हातावर काच फोडणं म्हणजे काच तिच्याच मांसात घालणं. तिनं हात स्थिर ठेवायला हवा होता, आणि त्यासाठी तिनं हो म्हणायला हवं होतं. बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. शेगडीवर एक भाकरी करपल्याचा वास आला. तिच्या बोटांचा निळेपणा पहिल्या पेरापर्यंत पसरला होता.

सुशीला बांधणीच्या टेबलावरून उठून कधी आली कळलं नाही. तिच्या हातात पुडे बांधायचा पांढरा दोरा होता आणि डब्यातलं एक हळकुंड. तिनं दोरा हळदीच्या पाण्यातून काढला, हळकुंड मधोमध बांधलं आणि मालनच्या उजव्या दंडात, बांगड्यांच्याही वर, सैल गाठ मारली. तिचा अंगठा चालत नाही, म्हणून गाठ तिनं दातानं ओढली.

"हात मोकळा ऱ्हायला न्हाई," सुशीला म्हणाली. "मंगळसूत्र तुटलं तर हळकुंड बांधत्यात का न्हाई? मग हाताला का न्हाई? घ्या वैनी."

मालननं हळकुंडाकडं पाहिलं, मग सुशीलाकडं. मान हलवली नाही, पण हात पुढं केला.

आम्ही मागच्या अंगणात गेलो, पिठापासून लांब. मी प्रत्येक बांगडीखाली ओल्या फडक्याची घडी चमच्याच्या दांड्यानं सरकवली, वरून दुसरं फडकं घेतलं आणि पकडीनं दाबलं. पहिली कच्चकन गेली. दोन्ही तुकडे उचलून रुमालात. मग दुसरी. पकड मला दोन्ही हातांनी धरावी लागत होती. मालन भिंतीकडं बघत होती. शेवटची बांगडी सर्वांत खोल होती, तिथं थोडं कातडं कापलं.

ती निघाली आणि त्याच क्षणी मालनच्या पिशवीतला फोन वाजला.

कुणी हललं नाही. रंजना दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. पडद्यावर नवऱ्याचं नाव होतं.

"तुमी उचला," मालन म्हणाली.

मी उचलला. "हॅलो."

"कोण, वैनी का? नमस्कार. मालन कुठं हाय? दिवसभर रेंज नव्हती बगा. तेवढं तिला इचारा, सिलिंडर आला का. बुकिंग मी इथनं केलंय."

मी विचारलं. मालननं मान हलवली, आला म्हणून. मग ती अंगणात खाली बसली आणि त्या दिवसात पहिल्यांदा रडली. मी हवालदारांना सांगितलं की काम जोरात आहे, संध्याकाळी ती फोन करेल. करपलेली भाकरी जीपवाल्यांनी तशीच नेली.

दवाखान्यात पट्टी बांधून आणली. तासाभरात बोटांचा रंग परत आला, पण मनगटाची सूज तशीच. तेच मला खटकलं. सगळ्यांना सांगितलं, उद्या सुट्टी आहे तर खरोखरची घ्या. धुणं नाही, निवडणं नाही. परवा येताना हात कसे आहेत ते मला खरं सांगायचं.

हातांना कामाचा शीण असेल तर विश्रांतीनं उतार पडतो, एवढं मला सुशीलाच्या वेळी कळलं होतं. पंचमी झाल्यावर दुसऱ्या दिवशी रंजनाचा खांदा हलका होता. सुशीलाचा अंगठा बरा होता. मालन उशिरा आली. सकाळी तिला ब्लाउजचे हूक लावता आले नव्हते, सासूनं लावले. आणि फक्त उजवा हात नाही, डावाही. दिवसभर काही न करता उलट आखडले होते. ऊन चढल्यावर सैल पडले.

मी तिला घेऊन सांगलीला गेले. सांधेवाताच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पंज्यांची बोटं एकेक दाबून पाहिली, रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आल्यावर सरळ सांगितलं. हा नुसता कामाचा शीण नाही, सांधेवात आहे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटलं आहे. औषध नियमानं घेतलं तर काबूत राहतो. दडवला तर बोटं वाकडी होतात आणि मग सरळ होत नाहीत.

"आत्तापर्यंत दुखण्यावर काय घेत होतीस?"

मालननं माझ्याकडं पाहिलं. "बाजारात एकजण पुडी देतो. पांढरी. घेतली की दिवस निघतो."

"त्यात काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं," बाई म्हणाल्या. "उरलेल्या इकडं आण. एकदम बंदही करू नकोस, ते मी बघते. आणि मनगटाला ताप देणारं काम सध्या बंद."

"म्हंजी थापायचं न्हाई?"

"सूज उतरेपर्यंत नाही. नंतर थाप, पण मनगट सरळ ठेवून, थोडा थोडा वेळ. दुखलं की थांबायचं आणि सांगायचं."

एसटीत मी तिला विचारलं, मापाचं खोटं का सांगितलंस. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दोन-सहा म्हनले आसते तर तुमाला कळलं आसतं. मग तुमी मला सुशीलाच्या टेबलावर बशिवलं आसतं."

तिचं खरं होतं. बसवलंच असतं.

आणि बसवलंच. पहिले काही दिवस ती आमच्याकडे पाठ करून पुडे बांधायची. मग एक दिवस तशीच पाठ करून ओरडली, "रंजे, मनगट मोडतीयास. जोर खांद्यातनं आन." रंजनानं मनगट खरंच मोडलेलं होतं. मालनला ते आवाजावरून कळलं. त्या दिवसापासून बदलीची वेळ मी सांगायचं सोडलं, मालन सांगते. आवाज जड झाला की ती टेबलावर बोट वाजवते आणि थापणारी उठते. कुणी कुरकुर केली तर म्हणते, "मी बसली हाय हितं, तुला का लाज वाटती?" केंद्रातली सगळ्यात चांगली थापणारी जिथं बसते, त्या टेबलाला थकलेल्यांची जागा कोण म्हणणार? सुभेदारांच्या तोंडी हुकमानं जे जमलं नाही ते असं जमलं.

आम्ही ओटे बांधून घेतले. "उभ्यानं जोर येत न्हाई" म्हणून बायांनी आधी नाकारले. गवंड्यानं घरच्या ओट्याएवढे उंच केले होते, म्हणून येत नव्हता. कमरेच्या खाली आणल्यावर अंगाचा भार देता यायला लागला. परातीखाली ओलं पोतं ठेवलं की ती सरकत नाही आणि डाव्या हाताला तिला घट्ट धरून ठेवावं लागत नाही. गोळा लहान घ्यायचा. पाण्याचा हंडा दोघींनी उचलायचा. सांगायला साध्या गोष्टी आहेत. पण आमच्याकडच्या बायका दुखण्यापेक्षा दुखणं कळण्याला जास्त भितात, आणि त्यावर ओट्याचा इलाज चालत नाही.

मालन आता पुन्हा थापते, सकाळी थोडा वेळ. दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. बाकीची वाचली.

यंदाच्या पंचमीच्या आदल्या सकाळी कासारीण मावशी आली. मालन सगळ्यांच्या आधी बसली आणि खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दोन-आठ." मावशीला हात दाबावा लागला नाही. बांगड्या साबणाशिवाय गेल्या. मग रंजनानं दोन-सहा मागितल्या, सुशीलानंही. कुणी तुपाचा विनोद केला नाही.

शेवटी मी बसले.

"दोन-चार," मी म्हटलं. दर वर्षी त्याच घालते.

मावशीनं माझा पंजा हातात घेतला, अंगठा आत मुडपला, आणि माझ्याकडं बघत तो तसाच धरून ठेवला. माझ्या वरच्या ओठावर घाम आला होता.

मालन बांधणीच्या टेबलावर होती. तिनं एकदा बोट वाजवलं.

"वैनी," ती म्हणाली, "तेलाचं झाकण तुमी कवाधरनं दाराच्या फटीत उघडताय?"

 शेगड्या अजून पेटल्या नव्हत्या. मी मावशीच्या हातातून हात सोडवला आणि मालनच्या पुढं धरला.